स्क्रिप्टमधून वेव्हफ्रंटचे रिझल्ट सेव्ह करताय? नुसता आरएमएस नको, अख्खा मॅप ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑप्टिकस्टुडिओ या ऑप्टिकल डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन आरशांच्या टेलिस्कोपचं डिझाइन आहे, टॉलरन्स, म्हणजे भाग थोडे इकडेतिकडे बसले तर किती चालेल, ते बघायला त्याची शेकडो व्हेरिएशन स्क्रिप्टने चालवायची आहेत आणि प्रत्येकाचा वेव्हफ्रंट रिझल्ट (प्रकाशाची लाट आदर्श आकारापासून किती हटली) डिस्कवर ठेवायचा आहे. सध्याची स्क्रिप्ट फक्त आरएमएस (चुकीच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) आणि पीक-टू-व्हॅली (सगळ्यात वरच्या आणि खालच्या पॉइंटमधला फरक) असे दोन आकडे सीएसव्हीत लिहिते. मॅपची, म्हणजे जागोजागच्या चुकीच्या तक्त्याची, टेक्स्ट फाइल पायथनमध्ये उघडली तर भलतीच अक्षरं दिसतात. मग नेमकं काय साठवायचं, कुठल्या फॉरमॅटमध्ये आणि कसं?

अक्षरांचं आधी उरकून टाकू, ते सगळ्यात सोपं आहे. ऑप्टिकस्टुडिओ टेक्स्ट फाइल सहसा यूटीएफ-१६ मध्ये लिहितो. प्रत्येक अक्षराला दोन बाइट, आणि फाइलच्या अगदी सुरुवातीला बाइट ऑर्डर सांगणारे दोन बाइट. पायथनला हे सांगितलं नाही तर तो आपल्या नेहमीच्या एन्कोडिंगने वाचायला जातो, मग एकतर एरर येते नाहीतर दर अक्षरानंतर एक रिकामा बाइट घुसलेला दिसतो. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-१६ द्या, झालं. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन टेक्स्ट फाइलचं एन्कोडिंग एएनएसआय करता येतं हे खरं, पण माझा सल्ला, त्या वाटेला जाऊ नका, कारण ती सेटिंग तुमच्या मशीनवर राहते आणि स्क्रिप्ट मात्र उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी मशीनवर जाते. त्यापेक्षा स्क्रिप्टलाच पहिले दोन बाइट बघून ठरवू द्या.

आता मुख्य गोष्ट. मॅप ठेवा. प्रत्येक रनचा, पूर्ण. मॅप हातात असला की आरएमएस, पीक-टू-व्हॅली, झर्निके (चुकीचे ठरावीक आकारांत पाडलेले भाग), स्ट्रेल (इमेजचा मध्य आदर्शाच्या तुलनेत किती प्रखर), पीएसएफ (एका बिंदूची इमेज) सगळं नंतर कधीही काढता येतं, पण आरएमएसवरून मॅप परत कधीच मिळत नाही. डिझाइन रिव्ह्यूमध्ये कोणीतरी हमखास विचारतं की यातला फोकसने जाणारा भाग किती आणि उरलेला कोमा (बिंदूला शेपूट फुटल्यासारखी चूक) किती, आणि तुमच्याकडे नुसता ०.०७१ वेव्ह असा आकडा असला तर सगळं पुन्हा चालवण्याशिवाय इलाज नाही, आणि तोपर्यंत मूळ लेन्स फाइल कोणीतरी बदललेली असते.

जागेची भीती बाळगू नका. २५६ बाय २५६ चा मॅप, प्रत्येक पॉइंटला ८ बाइट, म्हणजे बरोबर ५१२ केबी. असे ५०० मॅप म्हणजे २५० एमबी, फ्लोट ३२ मध्ये ठेवले तर त्याच्याही निम्मे. नॅनोमीटरमध्ये ठेवलेल्या ओपीडीला (मॅपमधला प्रकाशाच्या वाटेतला फरक) फ्लोट ३२ चे साधारण सात अंक पुरून उरतात.

पीक-टू-व्हॅलीबद्दल तर विशेष सांगायचंय. हा आकडा अख्ख्या मॅपमधल्या फक्त दोन पॉइंटवर ठरतो, आणि ते दोन पॉइंट बहुतेक वेळा कडेलाच असतात, जिथे मास्क (मॅपचा कुठला भाग मोजायचा ते ठरवणारा) एक पिक्सेल इकडेतिकडे झाला तरी आकडा उडी मारतो. इंटरफेरोमीटरच्या (प्रकाशाच्या फ्रिंजवरून आरसा मोजणाऱ्या उपकरणाच्या) खऱ्या डेटात तर धुळीचा एक कण पुरतो. म्हणून मेट्रॉलॉजीत (मोजमापाच्या शास्त्रात) पीव्हीआर नावाचा जास्त भरवशाचा आकडा आला: ३६ टर्मच्या झर्निके फिटचा पीक-टू-व्हॅली, अधिक उरलेल्या भागाच्या आरएमएसची तिप्पट. तोसुद्धा काढायचा तर मॅपच लागतो!

कच्चा डेटा ठेवल्याने काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण हबलचं आहे. हबलचा २.४ मीटरचा मुख्य आरसा कनेक्टिकटमधल्या डॅनबरीला पर्किन-एल्मरमध्ये घासला गेला, १९८१ मध्ये पॉलिशिंग संपलं, एप्रिल १९९० मध्ये दुर्बीण वर गेली आणि दोन महिन्यांत कळलं की इमेजमध्ये स्फेरिकल अ‍ॅबरेशन आहे, म्हणजे कडेचे आणि मधले किरण एका जागी जुळत नाहीत, ६३२.८ नॅनोमीटरला साधारण अर्धा वेव्ह आरएमएस, म्हणजे प्रचंड. लू अ‍ॅलन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसलं आणि नोव्हेंबर १९९० मध्ये रिपोर्ट आला. आरसा तपासायच्या रिफ्लेक्टिव्ह नल करेक्टर या उपकरणातली फील्ड लेन्स १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसली होती, त्यामुळे आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासला गेला. हे इतकं नेमकं कळलं कशामुळे? ते उपकरण तसंच जपून ठेवलेलं होतं आणि त्या काळातले इंटरफेरोग्रामही (फ्रिंजचे फोटो) शिल्लक होते म्हणून. आरशाचा कॉनिक कॉन्स्टंट (वक्राचा आकार सांगणारा आकडा) डिझाइनप्रमाणे -१.००२३ हवा होता, तो प्रत्यक्षात -१.०१३९ आहे हा निष्कर्ष काढायला हेच जुने इंटरफेरोग्राम कामी आले, आणि डिसेंबर १९९३ मध्ये वर पाठवलेलं दुरुस्तीचं ऑप्टिक्स अशा आकड्यांवरच बेतलेलं होतं. त्या वेळी कोणी फक्त 'पास' असा शेरा लिहून फ्रिंजचे फोटो टाकून दिले असते तर? मला तर ही गोष्ट आठवली की प्रत्येक रनचा मॅप ठेवण्यात आळस करावासाच वाटत नाही.

याच गोष्टीचा दुसरा भाग तितकाच महत्त्वाचा. दुसऱ्या दोन नल करेक्टरनी त्याच काळात गडबड दाखवली होती, पण ते कमी अचूक आहेत असं मानून त्यांचे रिझल्ट बाजूला ठेवले गेले. म्हणून नावडता रिझल्टसुद्धा सेव्ह करायचा, आणि कुठल्या सेटअपने, कुठल्या सेटिंगने आला हे त्याच्या सोबत ठेवायचं.

तर सोबत काय काय ठेवायचं? पहिलं युनिट. 'वेव्ह' हे युनिट एकटं कधीच लिहू नका. ०.१ वेव्ह म्हणजे ६३२.८ ला ६३.२८ नॅनोमीटर आणि ५५० ला ५५ नॅनोमीटर, हा फरक छोटा नाही. मी मॅप नेहमी नॅनोमीटरमध्येच ठेवतो आणि कुठल्या वेव्हलेंग्थला काढला ती वेगळी लिहितो. दुसरं म्हणजे हा आकडा सरफेसचा आहे की वेव्हफ्रंटचा. आरशावर सरळ आपटून परत येणाऱ्या प्रकाशात वेव्हफ्रंटची एरर सरफेसच्या एररच्या दुप्पट असते, आणि दुकानात आरसा घासणारा माणूस सरफेसमध्ये बोलतो, डिझाइनवाला वेव्हफ्रंटमध्ये, त्यामुळे फाइलमध्ये हे लिहिलेलं नसलं की दोनाचा फॅक्टर कुठेतरी दोनदा लागतो किंवा लागतच नाही. तिसरं, मॅपमधून काय काढून टाकलंय: पिस्टन (अख्खा मॅप वर-खाली सरकणं), टिल्ट (कलणं), फोकस? चौथं, फील्ड, वेव्हलेंग्थ, कॉन्फिगरेशन नंबर, सॅम्पलिंग, लेन्स फाइलचं नाव आणि तिचा हॅश (फाइल बदलली की बदलणारा ठसा), सॉफ्टवेअरचं व्हर्जन, स्क्रिप्टचं व्हर्जन. आणि टॉलरन्स रन आहे तर कुठल्या सरफेसला किती हलवलं तेही.

सेटिंगच्या बाबतीत एक जागा फार फसवी आहे. झेडपीएलमध्ये (ऑप्टिकस्टुडिओची स्वतःची स्क्रिप्टची भाषा) गेटटेक्स्टफाइल हा कीवर्ड वापरून तुम्ही वेव्हफ्रंट मॅपचं टेक्स्ट बाहेर काढता. त्याला सेटिंगची फाइल दिली नाही तर तो डीफॉल्ट सेटिंग घेतो. आणि डीफॉल्ट म्हणजे कोणीतरी मॅपच्या विंडोत सेटिंग बदलून शेवटचं 'सेव्ह' दाबलं ते! म्हणजे सहकाऱ्याने सकाळी रिव्ह्यूसाठी 'रिमूव्ह टिल्ट' टिक करून सेव्ह केलं की संध्याकाळचा तुमचा बॅच रन वेगळे आकडे देणार, स्क्रिप्टमध्ये एक अक्षर न बदलता. यावर उपाय म्हणजे सेटिंगची सीएफजी फाइल स्वतः बनवा, मॉडिफायसेटिंग्जने त्यात हवं ते घाला, ती फाइल गेटटेक्स्टफाइलला द्या आणि फ्लॅग १ ठेवा. आणि ती सीएफजी फाइल रिझल्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा. पायथन आणि एपीआयने (बाहेरच्या प्रोग्रामने ऑप्टिकस्टुडिओ चालवायची सोय) करत असाल तर काम आणखी सरळ आहे: अ‍ॅनालिसिस उघडल्यावर सेटिंग्ज ऑब्जेक्टमध्ये फील्ड, वेव्हलेंग्थ, सॅम्पलिंग, टिल्ट सगळं दर वेळी स्वतः सेट करा, मग रन करा. जे सेट केलं तेच तसंच्या तसं मेटाडेटात लिहा.

झर्निकेवर जरा जास्त बोलतो, कारण इथे डोकेदुखी सगळ्यात जास्त आहे. फाइलमध्ये नुसते ३७ आकडे लिहून ठेवले तर त्याला काहीच अर्थ नाही, ते कुठल्या पद्धतीचे ते सांगायलाच हवं. ऑप्टिकस्टुडिओतले 'स्टँडर्ड' हे नॉलच्या १९७६ च्या क्रमाप्रमाणे चालतात, 'फ्रिंज' वेगळे, आणि डोळ्यांच्या क्षेत्रात चालणारा एएनएसआयचा (वरच्या एन्कोडिंगशी संबंध नसलेला) क्रम तर शून्यापासून मोजतो. प्रायमरी स्फेरिकल नॉलमध्ये ११ वा, फ्रिंजमध्ये ९ वा, एएनएसआयमध्ये १२ वा. हे तरी निदान ठळकपणे वेगळं दिसतं. खरी गफलत खालच्या टर्ममध्ये होते. १ ते ४ नॉल आणि फ्रिंज दोन्हीत सारखेच क्रमाने येतात: पिस्टन, दोन टिल्ट, फोकस. मग माणूस फोकस चेक करतो, चौथ्या जागी दिसतो, समाधान मानतो. पण पुढे ५ आणि ६ हे अ‍ॅस्टिग्मॅटिझमचे दोघे अदलाबदल झालेले असतात, आणि ७ आणि ८ हे कोमाचे दोघेही. नॉलमध्ये ७ वा साइनचा, ८ वा कोसाइनचा; फ्रिंजमध्ये ७ वा कोसाइनचा, ८ वा साइनचा. म्हणजे कोमाची साइझ बरोबर येते आणि दिशा चुकते, फक्त एक्स किंवा वायच्या दिशेचा कोमा असेल तर ९० अंशांनी, आणि असेंब्लीवाला सेकंडरी (दुसरा आरसा) भलत्याच दिशेला हलवत बसतो.

नॉर्मलायझेशनही वेगळं. नॉलच्या पद्धतीत प्रत्येक कोएफिशियंट म्हणजे त्या टर्मचा आरएमएस, त्यामुळे पिस्टन सोडून सगळ्यांचे वर्ग करून बेरीज आणि वर्गमूळ केलं की आरएमएस मिळतो. फ्रिंजमध्ये तो कडेवरचा आकडा असतो. फ्रिंजचा ९ वा १ वेव्ह असला तर त्याचा आरएमएस ५ च्या वर्गमूळाने भागून, म्हणजे सुमारे ०.४५ वेव्ह. फ्रिंजच्या कोएफिशियंटची वर्गांची बेरीज करून आरएमएस म्हणून दिलेले एक्सेल शीट मी बरेच बघितलेत, ते आकडे चूकच असतात. म्हणून कोएफिशियंटसोबत पद्धतीचं नाव, किती टर्म फिट केल्या, कुठल्या त्रिज्येला नॉर्मलाइझ केलं, आणि मध्ये भोक असेल तर अ‍ॅन्युलर वापरले का, एवढं लिहाच. तुमचा टेलिस्कोप दोन आरशांचा आहे, सेंट्रल ऑब्स्ट्रक्शन (मध्ये अडलेला भाग) बहुधा असणार, तेव्हा शेवटचा मुद्दा तुम्हाला लागू आहे: गोल प्यूपिलचे (प्रकाश ज्यातून जातो त्या जागेचे) झर्निके कंकणाकृती प्यूपिलवर ऑर्थोगोनल, म्हणजे एकमेकांपासून स्वतंत्र, राहत नाहीत, मग टर्मची संख्या बदलली की आधीचे कोएफिशियंटही हलतात.

झेडपीएलने झर्निके काढायचे तर टेक्स्ट फाइल वाचत बसायची गरज नाही, गेटझर्निके थेट व्हेक्टरमध्ये आकडे भरून देतो. फक्त लक्षात ठेवा, पहिल्या ८ जागा कोएफिशियंटच्या नाहीतच. तिथे पीक-टू-व्हॅली, मग तीन वेगवेगळे आरएमएस, व्हेरियन्स, स्ट्रेल, फिटचा आरएमएस आणि फिटची सगळ्यात मोठी एरर असते. कोएफिशियंट ९ व्या जागेपासून. म्हणजे फोकस, जो चौथा, तो १२ व्या जागी. त्या तीन आरएमएसपैकी चीफ रे (प्यूपिलच्या मध्यातून जाणारा किरण) धरून काढलेल्यात फक्त पिस्टन वजा असतो, सेंट्रॉइड धरून काढलेल्यात टिल्टही वजा असतो, ऑफ-अ‍ॅक्सिस फील्डला दोघांत चांगलाच फरक पडतो, तेव्हा सीएसव्हीच्या कॉलमला नुसतं 'आरएमएस' असं नाव देऊ नका. आणि प्रिंटच्या आधी फॉरमॅट कीवर्डने पुरेशा दशांश जागा, शक्यतो एक्स्पोनेन्शियल, मागून घ्या. ०.०००४ असं छापून आलं तर त्यात कामाचा एकच अंक उरलेला असतो.

माझ्या मते मात्र तुमच्या कामाला पायथनच बरा. शेकडो रन, मेटाडेटा, बायनरी फाइल हे सगळं झेडपीएलमध्ये करता येतं पण जिवावर येतं. एपीआयमध्ये अ‍ॅनालिसिसच्या रिझल्टमधून डेटा ग्रिड सरळ मिळतो, टेक्स्ट मध्ये आणायचीच गरज नाही. तरीही मी त्याच रिझल्टची टेक्स्ट फाइलही सोबत टाकतो, कारण ती माणसाला वाचता येते आणि हेडरमध्ये फील्ड, वेव्हलेंग्थ, आरएमएस असतो. काम झालं की अ‍ॅनालिसिस क्लोज करा. लूपमध्ये क्लोज राहून गेलं की मेमरी भरत जाते आणि रात्री लावलेला रन सकाळी अर्ध्यात मेलेला सापडतो.

आता मॅप ॲरेत आल्यावरच्या दोन गोष्टी. प्यूपिलबाहेरच्या जागा शून्याने भरलेल्या असतील तर त्या तशाच ठेवून आरएमएस काढू नका. चौकोनात बसणारं वर्तुळ साधारण ७८.५ टक्के जागा व्यापतं, उरलेली शून्यं धरली की आरएमएस जवळजवळ ११ टक्के कमी येतो, आणि मध्ये ऑब्स्ट्रक्शन असेल तर आणखी कमी. शून्य ही खरी ओपीडीसुद्धा असू शकते म्हणून 'शून्य असेल ते बाहेर' असंही करता येत नाही. त्यापेक्षा मास्क वेगळा ॲरे म्हणून सेव्ह करा आणि मॅपमध्ये बाहेर नॅन ('आकडा नाही' असं चिन्ह) भरा.

दुसरी गोष्ट वर-खालीची. मॅटप्लॉटलिब पहिली ओळ वर काढतो, फिट्स बघायची सॉफ्टवेअर पहिली ओळ खाली काढतात, मग कोणीतरी 'उलटं दिसतंय' म्हणून फ्लिप मारतं आणि तोच फ्लिप पुढे सेव्ह होतो. यात एक बारीक खोच आहे. ६४ बाय ६४ च्या ग्रिडला टेक्स्ट हेडरमध्ये सेंटर पॉइंट ३३, ३३ असा दिलेला असतो, म्हणजे केंद्र ३२ आणि ३३ च्या मध्ये नसून ३३ व्या ओळीवर आहे. नमपायने सरळ फ्लिप केलं की केंद्र ३२ व्या ओळीवर जातं, एक पिक्सेल सरकतं, आणि दोन मॅपची वजाबाकी केली की कडेने बारीक चंद्रकोर दिसायला लागते. फ्लिप करायचाच तर नंतर एक ओळ सरकवा, पण उत्तम म्हणजे फ्लिप न करता जसा आला तसा ठेवा आणि मेटाडेटात लिहा की ओळ वाढते तसा वाय वाढतो की कमी होतो.

फॉरमॅटचं उत्तर त्यामानाने सोपं. एकट्याचं काम असेल तर नमपायचा एनपीझेड चालतो, पण मेटाडेटा ठेवायला तो गैरसोयीचा. एचडीएफ५ मला सगळ्यात आवडतो: मॅप, मास्क, कोएफिशियंट एकाच फाइलमध्ये, प्रत्येकाला त्याची युनिट आणि सेटिंग अ‍ॅट्रिब्यूट म्हणून चिकटवता येतात, कॉम्प्रेशनही आहे, मॅटलॅबही वाचतो. रिझल्ट खगोलवाल्यांकडे जाणार असतील तर फिट्स द्या, हेडर माणसाला वाचता येतं, फक्त कीवर्डला ८ अक्षरांची मर्यादा आहे. सीएसव्ही सारांशाच्या टेबलासाठी ठेवा, एका रनला एक ओळ.

लांब रनसाठी थोडं. एका रनची एक फाइल करा, पाचशे रन एका फाइलमध्ये कोंबू नका, मधेच वीज गेली तर अर्धवट लिहिलेली एचडीएफ५ फाइल उघडतही नाही. आधी तात्पुरत्या नावाने लिहा, पूर्ण झाली की खरं नाव द्या, म्हणजे खऱ्या नावाची फाइल दिसली की ती पूर्ण आहे याची खात्री, आणि स्क्रिप्ट परत चालवली की आहे ते सोडून पुढे जाते. दोन प्रोसेस एकाच वेळी चालवत असाल तर दोघांचं टेम्प फाइलचं नाव वेगळं हवं, नाहीतर एकाचा मॅप दुसऱ्याच्या नावावर जमा होतो आणि कुठलीही एरर येत नाही. ज्या व्हेरिएशनमध्ये रे ट्रेस फेल झाला त्याचीही नोंद करा, कारणासकट. तो गाळला तर तुमचं सरासरी यील्ड (पास होणाऱ्यांचं प्रमाण) खोटं चांगलं दिसेल.

पाचशे लावण्याआधी एक रन असा करा: सेकंडरी मुद्दाम वायच्या दिशेला माहीत असलेल्या अंतराने सरकवा, सेव्ह करा, आणि मग ऑप्टिकस्टुडिओ बंद ठेवून फक्त सेव्ह केलेल्या फाइलवरून स्वतः झर्निके फिट करा. ऑन-अ‍ॅक्सिस फील्डला कोमा साइनच्या टर्ममध्ये यायला हवा, स्टँडर्डमध्ये ७ वा, फ्रिंजमध्ये ८ वा, आणि त्याचं चिन्ह व आकडा प्रोग्रामने दिलेल्या कोएफिशियंटशी जुळायला हवं. कोसाइनमध्ये आला तर एक्स-वायची अदलाबदल किंवा टर्मचा क्रम चुकलाय, चिन्ह उलटं आलं तर फ्लिप झालाय, बरोबर दुप्पट किंवा निम्मा आला तर सरफेस-वेव्हफ्रंटचा घोळ, आणि थोडाच कमी आला तर आधी मास्क तपासा. शेवटच्या काही अंकांचा फरक चालेल, ग्रिडमुळे कड दातेरी होते त्याने तेवढा येतोच. सॅम्पलिंग ६४ वरून २५६ करून बघा, तो फरक कमी व्हायला हवा.